नीलाअक्कांचं राहिलेलं वर्ष

नीलाअक्कांना कुणी काहीही सांगितलं, की त्या मान किंचित तिरकी करायच्या आणि विचारायच्या, "कशावरून?"

यात उद्धटपणा नसायचा. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं. शेजारच्या काकू म्हणाल्या, अमक्याच्या सुनेचं डोकं फिरलंय, तर "कशावरून?" शाळेचे चिटणीस म्हणाले, मुलींना इतिहास झेपत नाही, तर "कशावरून?" एकदा बाजारात त्यांनी एका भाजीवालीला वांगी ताजी कशावरून म्हणून विचारलं. ती बाई कंबरेवर हात ठेवून उभीच राहिली. "कशावरनं म्हंजी? सकाळी मी सोता तोडल्यात की! ह्ये काटं बगा हाताला!" तिनं तळवे पुढं केले. अक्कांनी ते वाकून नीट निरखले आणि म्हणाल्या, "हां, हे चालेल." वांगी घेऊन पुढं गेल्यावर मला म्हणाल्या, "सुमती, साक्षीदार असावा तर असा."

सोलापुरातल्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या इतिहास शिकवायच्या आणि मी शिवण. शुक्रवार पेठेत आमची घरं समोरासमोर होती. शाळेला आम्ही बरोबर निघायचो, पण बरोबर पोचायचो नाही. अक्कांची चाल अशी, की मी चौकात असेन तोवर त्या शाळेच्या फाटकात. उंच, सडसडीत, सावळा रंग, कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. ही पेन्सिल त्या रोज हरवायच्या. वर्गातल्या मुलींना ठाऊक असायचं ती कुठं आहे ते, पण कुणी सांगायचं नाही.

त्या नेहमी उभ्यानं वाचायच्या. वडिलांचं धान्याचं आडत दुकान होतं. लहानपणी तिथं बसायला जागा नसे, म्हणून जोंधळ्याच्या पोत्याला पाठ टेकवून वाचायची सवय लागली ती लागलीच. त्यांचं लग्न फार लहानपणी झालं आणि न्हाण यायच्या आधीच नवरा गेला. "मला त्यांचा चेहरा आठवत नाही, सुमती," त्या एकदा म्हणाल्या होत्या. "जरीची टोपी तेवढी आठवते."

मुलगी माघारी आली तेव्हा वडील, बसप्पा, म्हणजे आमच्या सगळ्या पेठेचे अप्पा, म्हणाले होते, "हिच्या कपाळी हुतं ते झालं. आता डोक्यात काय हाय ते बगू." डोक्यात बरंच निघालं. अक्का मॅट्रिक झाल्या, पुण्याला राहून बी. ए. झाल्या. आई नव्हतीच. घरात अप्पा, अक्का आणि धाकटा भाऊ शिवण्णा. बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी. भांडण मात्र पूर्ण कानडीत.

वर्गात अक्का लढाया शिकवायच्या, तहाची कलमं सांगायच्या, आणि मध्येच थांबून विचारायच्या, "आणि या वेळी बायका काय करत होत्या?" मुली पुस्तकाची पानं चाळायच्या. "पुस्तकात नाही ना? पुस्तकात नाही म्हणजे नव्हत्या असं नाही." एका वर्षी इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले. त्यांनी वर्गाला सांगितलं, की आपल्या देशातल्या स्त्रियांना पूर्वी राज्यकारभाराचं ज्ञान नव्हतं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि मान तिरकी करून म्हणाली, "कशावरून?" चिटणिसांचा चेहरा पांढराफटक पडला. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

त्यांच्या मनात एक विषय होता. सोलापूर, बार्शी, अक्कलकोट या टापूत देशमुख-देसायांची वतनं होती. त्यांतल्या कित्येक घरांत कर्ता पुरुष मेल्यावर त्याच्या विधवेनं वर्षानुवर्षं कारभार पाहिला होता. वसुली केली, तंटे तोडले, सरकारशी पत्रव्यवहार केला. त्यांच्याविषयी कुणी ओळभर लिहिलं नव्हतं. कंपनी सरकारच्या काळातले त्या वतनांचे कागद लंडनला होते. अक्कांना तिथं जाऊन इतिहासात एम. ए. करायचं होतं. खटपट करून त्यांनी एक शिष्यवृत्तीही मिळवली.

बातमी फुटली तशी पेठेतली वडीलधारी मंडळी अप्पांकडं आली. मी तेव्हा आत अक्कांना गरम कपड्यांना अस्तर लावून देत होते, सगळं ऐकू येत होतं.

"बसप्पा, रांडमुंड पोरगी विलायतेला धाडतूस व्हय? लोक काय म्हन्तील?"

"लोक मागं बी म्हनलं, पोरीला शिकिवतूस कशाला," अप्पा शांतपणे म्हणाले. "आता त्येंच्याच पोरी हिच्याकडं शिकत्यात की."

निघायच्या दिवशी स्टेशनवर आम्ही सगळे होतो. शिवण्णा थट्टा करत होता, अक्का हसत होत्या. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा अप्पा खिडकीशी गेले. "नीलव्वा, पुरं करून ये. मधी येऊ नको. मी मेलो तरी येऊ नको." अक्कांचं हसू गेलं. त्यांनी मान हलवली.

लंडनहून त्यांची पत्रं यायची. थंडीत लुगड्याच्या आत पुरुषी लोकरी मोजे घालते. उकडलेल्या बटाट्यावर सोबत आणलेली शेंगाची चटणी घालून खाते, आणि घरमालकीण ती लाल पूड पाहून घाबरते. वाचनालयात उभ्यानं वाचत होते, तर तिथल्या शिपायानं चार वेळा खुर्ची आणून दिली. सोलापूर कुठं आहे ते इथं कुणालाही माहीत नाही, मुंबई आणि मद्रासच्या मध्ये असं सांगावं लागतं. त्यांचे प्रोफेसर म्हातारे, सभ्य गृहस्थ होते. विषय ऐकून ते म्हणाले, वतनं तर पुरुषांच्या नावावर असतात, विधवांचा इतिहास कुठून काढणार? अक्कांनी विचारलं, "कशावरून?" प्रोफेसर मोठ्यानं हसले आणि त्यांनी विषय मान्य केला. एक अट मात्र घातली. दोन वर्षं तिथं राहून काम पुरं केलं पाहिजे. विद्यापीठाचा तसा नियमच होता.

पहिलं वर्ष सरत आलं आणि इकडं सोलापुरात मार्शल लॉ पुकारला.

ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. रस्त्यावर गोरे सोजिर, गिरण्यांचे भोंगे मुके, दारं-खिडक्या बंद. सत्याग्रहींची पांढरी टोपी दिसली की माणूस धरत होते. शिवण्णा गिरणीत कारकून होता. एका सकाळी तो पांढरी टोपी घालून निघाला. अप्पांनी हाक मारली, "शिवा, टोपी काढ." तो म्हणाला, "अप्पा, डोकं माझं आहे." चौकापर्यंत गेला आणि तिथंच धरला. आमच्या खिडकीच्या फटीतून मला ते दिसलं. त्याला लॉरीत चढवलं तेव्हा तो आमच्याच गल्लीकडं बघत होता. अप्पा उंबऱ्यात उभे होते. त्यांनी हाक मारली नाही, रडले नाहीत. लॉरी गेल्यावर ते घरोघर गेले आणि प्रत्येकाला एकच सांगितलं, "नीलव्वाला कुणी कळवायचं न्हाय. ती येईल."

त्यांचा मान असा होता, की कुणी कळवलं नाही.

तिकडं अक्कांना घरमालकिणीनंच सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्र आणून दाखवलं. "हे तुझंच गाव ना?" वर्षभर ज्या गावाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं ते आता सगळ्यांच्या तोंडी होतं. अक्कांनी तार केली. उत्तर नाही. दुसरी केली. त्या पुढं मला सांगत, की त्या दिवसांत पुस्तक उघडलं की अक्षरं किड्यांसारखी पळायची. हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या सरकारी कचेरीत त्या रोज जाऊन बसत. तिथला अधिकारी रोज म्हणे, सोलापुरात सगळं शांत आहे. शेवटी अप्पांची तार आली: सर्व ठीक, येऊ नकोस.

"त्या तारेत शिवाचं नाव नव्हतं," अक्का म्हणाल्या. "अप्पा मला कधी शिवाचं नाव घातल्याशिवाय चार ओळी लिहीत नसत. मी इतिहास शिकत होते, सुमती. कागदात काय नाही ते बघायला शिकत होते. मला वाटलं, शिवा मेला."

त्यांनी प्रोफेसरांना सांगितलं. ते म्हणाले, जा, पण राहिलेलं वर्ष पुरं करायला परत या, मी जागा राखून ठेवतो.

ऐन पावसाळ्यात एका दुपारी त्या टांग्यातून दारात उतरल्या. स्टेशनवर कुणी घ्यायला नव्हतं, कारण येत असल्याचं त्यांनीही कळवलं नव्हतं. मी धावत गेले. अप्पा कट्ट्यावर बसले होते. त्यांनी वर पाहिलं.

"डिग्री झाली?"

"नाही अप्पा. शिवा कुठं आहे?"

"जेलात हाय. जित्ता हाय. मग कशाला आलीस?"

"मला कळवलं का नाही?"

"कळवलं आसतं तर आली आसतीस."

"न कळवताही आले की!"

अप्पा उठले. "माझं एक लेकरू सरकारनं नेलं," ते म्हणाले, "आनि एक तू माघारी आनलंस." ते आत गेले. त्या दिवसापासून ते मुलीशी बोलले नाहीत. ताट वाढलं की जेवत, पाणी दिलं की पीत, पण शब्द नाही.

अक्का येरवड्याला भावाला भेटायला गेल्या. त्यांना वाटलं होतं तो गळ्यात पडेल. शिवण्णा गजांपलीकडून म्हणाला, "तू कशाला आलीस? मी काय मरायला टेकलो होतो? इथं माझे पुष्कळ भाऊ आहेत." तो ताठ होता, हसत होता. परतीच्या गाडीत अक्का सगळा वेळ उभ्या होत्या. जागा असूनही बसल्या नाहीत, असं बरोबर गेलेल्या शेजाऱ्यांनी सांगितलं.

पुढच्या साली शिवण्णा सुटला. हारतुरे झाले, मिरवणूक निघाली. मग त्याला बार्शीत एका जिनिंग फॅक्टरीत चांगली नोकरी लागली, लग्न झालं, आणि तो तिकडंच राहू लागला. मी हे त्याला नावं ठेवायला सांगत नाही. तो चांगला माणूस होता. पण सत्य असं, की ज्याच्यासाठी अक्का आल्या त्याला त्या नको होत्या, आणि ज्याच्यापाशी आल्या त्यालाही.

शाळेत त्या आल्या आल्याच पुन्हा रुजू झाल्या होत्या. शिवण्णा सुटला की पुढच्या सप्टेंबरात परत जायचं असं त्यांनी ठरवलं होतं, बोटीचं विचारूनही ठेवलं होतं. जून महिन्यात अप्पा आडतीवर पोती मोजता मोजता कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. काही आठवड्यांनी थोडी परत आली ती फक्त कानडी. मराठी साफ पुसून गेली होती. डॉक्टरही चकित झाले. आयुष्यभर बाजारात मराठीत भाव केलेला तो माणूस आता "नीरु" म्हणजे पाणी, "साकु" म्हणजे पुरे, असे चार-दोन शब्द बोलायचा, तेही छताकडं बघून.

बोट गेली.

त्यानंतर अक्कांचं आयुष्य एकाच चाकोरीत फिरू लागलं. पहाटे उठून अप्पांना अंघोळ, भाकरी दुधात कुस्करून भरवणं, शाळा, मधल्या सुट्टीत घरी धाव, पुन्हा शाळा. उरल्या वेळात अप्पांच्या खाटेशेजारी भिंतीला टेकून उभ्यानं वाचन. दर वर्षी त्या प्रोफेसरांना लिहीत, या वर्षी जमत नाही, पुढच्या वर्षी नक्की. तेही दर वर्षी, हरकत नाही, असं उत्तर पाठवत. लंडनचे कागद हाताशी नव्हते, म्हणून अक्कांनी इकडचे शोधायला घेतले. सुट्टीत गावोगाव जाऊन त्या जुन्या वतनदारांची घरं पालथी घालायच्या. त्यांनी एकटीनं हिंडू नये म्हणून मी जायची. शेजारच्या काकू अप्पांपाशी बसायच्या.

भीमेकाठच्या एका गावी देसायांच्या घरात आम्हांला दैव उघडल्यासारखं झालं. कर्ते देसाई मध्यम वयाचे, गोड बोलणारे. त्यांनी पेटी काढून दाखवली. आत मोडी कागदांची बासनं. अक्कांनी वरचंच एक सोडलं आणि कागद दाराच्या उजेडाला धरला. खाली शिक्का होता, बाईच्या नावाचा. नवरा मेल्यावर सगळं वतन चालवणारी देसाईण. पानामागून पान तिच्या शिक्क्याचं.

"पुढल्या म्हयन्यात या, बाई," देसाई म्हणाले. "सगळं काढून ठिवतो. सावलीत बसून निवांत लिवून घ्या." आणि चहा देता देता सहज विचारल्यासारखं विचारलं, "ह्यात दत्तकाचं बी आसंल का वो?"

"असणारच!" अक्का आनंदानं म्हणाल्या. "दत्तक कुणी घेतला, कुणाच्या संमतीनं घेतला, सगळं निघेल. तुमच्या घराण्याचा सगळा इतिहास निघेल बघा."

परत येताना त्या बैलगाडीत बडबडत होत्या. लंडनहून आल्यापासून इतक्या आनंदात मी त्यांना पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, ही एक बाई मिळाली, आता प्रबंध उभा राहतो.

महिन्यानं गेलो तेव्हा देसाई कट्ट्यावरून उठले नाहीत. "वाळवी लागली हुती, बाई. जाळून टाकलं," ते दुसरीकडं बघत म्हणाले. गोठ्यामागं राखेचा ढीग होता. त्यात अजून कागदांचे अर्धवट काळे कोपरे होते. मी अक्कांकडं पाहिलं. त्यांनी मान तिरकी केली नाही. काही विचारलं नाही. राखेपाशी गेल्या, वाकल्या, एक कोपरा उचलला. तो बोटांतच चुरला.

गावाबाहेर गाडीवानानं बैलांना पाणी दाखवायला गाडी सोडली. तिथं एका दगडावर त्या बसल्या आणि म्हणाल्या, "दोनशे वर्षं ते कागद टिकले, सुमती. पाऊस, वाळवी, दंगेधोपे, सगळ्यांतून टिकले. मी विचारलं म्हणून जळले." मी म्हटलं, अक्का, तुमचा काय दोष? त्यांनी ऐकलंच नाही. "दत्तक खोटा निघाला तर वतन जाईल ही कुणाला भीती होती, आणि मी तिथं दिवाळी झाल्यासारखी बोलत बसले. ती बाई काल होती. आज ती नव्हतीच." मग त्या रडल्या. मोठ्यानं, तोंडाला पदर न लावता रडल्या. गाडीवान बैलांच्या पलीकडं जाऊन उभा राहिला.

दरम्यान म्हातारे प्रोफेसर निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्यांनी एकदा मुदत वाढवली, आणि मग कळवलं, की आता ही शेवटची. त्या मुदतीत येऊन राहिलेलं वर्ष सुरू केलं नाही, तर नाव कमी होईल. तेव्हा अक्कांनी शिवण्णाला बार्शीहून बोलावून घेतलं. मी त्या दिवशी अप्पांची धुतलेली अंथरुणं शिवून द्यायला तिथं होते. उठू लागले, तर अक्का म्हणाल्या, "बस. कुणीतरी असलेलं बरं."

अप्पा खाटेवर होते. शिवण्णा पाट घेऊन बसला. अक्का उभ्याच.

"शिवा, अप्पांना वर्षभर बार्शीला ने. एकच वर्ष. मी पुरं करून येते."

शिवण्णानं पाट जरा मागं सरकवला. मग म्हणाला, "घर लहान आहे, अक्का. दोन पोरं आहेत. हिला अप्पांचं सगळं करणं जमेल का?"

"बाई ठेव. मी तजवीज करते."

"तसं नाही. लोक काय म्हणतील? बाप असा पडलेला, आणि लेक विलायतेला."

"लोक?" अक्का म्हणाल्या. "तू टोपी घालून निघालास तेव्हा लोकांना विचारलंस?"

तो चिडला. "तेव्हाचं आज का काढतेस? मी तुला ये म्हटलं नव्हतं! आणि आता चाळिशीला आलीस. डिग्री घेऊन काय करणार आहेस?"

"पुरी करणार आहे," अक्का म्हणाल्या. आणि मग जे मी कधी पाहिलं नव्हतं ते झालं. त्या खाली बसल्या आणि त्यांनी धाकट्या भावाचे पाय धरले. "एक वर्ष, शिवा. माझ्या सगळ्या जन्मातलं एकच वर्ष मागते."

शिवण्णानं पाय ओढून घेतले. इतक्यात खाटेवरून आवाज झाला. अप्पांनी डाव्या हातानं पाण्याचा तांब्या ढकलून पाडला होता. त्यांचा चेहरा लाल झाला होता, ओठ वाकडे होत होते. छताकडची नजर त्यांनी आमच्याकडं वळवली आणि सगळं बळ एकवटून ओरडले, "होगु! होगु!"

होगु म्हणजे जा.

शिवण्णा उभा राहिला. "ऐकलंस? मला घालवून देतायत. माझ्याच घरातून." डोळे पुसत त्यानं चपला घातल्या आणि दुपारच्याच मोटारीनं तो बार्शीला गेला. अक्का अप्पांच्या उशाशी गेल्या. "अप्पा, कुणाला म्हणालात? त्याला का मला? अप्पा, यारिगे?" कुणाला, कुणाला, असं त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. अप्पांचा जोर सरला होता. डोळ्यांच्या कडांनी पाणी वाहत होतं, पण शब्द आला नाही. स्टेशनवर 'पुरं करून ये' म्हणणारे अप्पा मी पाहिले होते, मला विचाराल तर मला त्यात तिळभर शंका नाही. पण अक्कांना माझ्या मताचा उपयोग नव्हता.

त्या गेल्या नाहीत. कशा जाणार? अप्पांनी पुढच्या उन्हाळ्यात प्राण सोडला. लिंगायत रिवाजाप्रमाणे त्यांना बसवून, विभूती लावून, पुरलं. शिवण्णा लहान मुलासारखा रडला. अक्कांनी त्याला पाठीवर थोपटलं.

मुदत संपायला अजून काही महिने होते. दोन-तीन महिन्यांत त्यांनी पासपोर्टचं केलं, बोटीचं ठरवलं, शाळेची रजा घेतली. ऑगस्ट सरत आला होता. मुली स्टेशनवर हार घेऊन आल्या होत्या. अक्कांचे केस कानाशी पांढरे झाले होते, पण डब्यात चढल्या त्या अशा, की हमालाच्या आधी ट्रंक त्यांनीच आत ओढली. गाडी सुटताना खिडकीतून वाकून मला म्हणाल्या, "सुमती, या वेळी मला कुणी काही कळवू नका. मी मेले तरी कळवू नका!" आणि स्वतःच्याच विनोदाला हसल्या.

मुंबईला त्यांची बोट लागायच्या आत तिकडं विलायतेत लढाई पेटली.

त्या लगेच परतल्या नाहीत. तीन आठवडे ओळखीच्यांकडं राहून रोज बोटीच्या कचेरीत जात राहिल्या. रोज एकच उत्तर, सध्या प्रवासी नेत नाही. मग विद्यापीठाची तार आली. लंडनमधली कॉलेजं बाहेरगावी हलवली आहेत, यंदा येऊ नये. मुदतीविषयी त्यात काही नव्हतं. अक्कांनी उलट तार करून विचारलं. उत्तर आलं नाही.

"बंदरावर जाऊन उभी राहायची मी," परत आल्यावर त्या म्हणाल्या. "बोटी दिसायच्या, सुमती. पाणी होतं, बोटी होत्या, मी होते." त्यांचा आवाज बसलेला होता. लढाई चार महिन्यांत संपेल असं तेव्हा पेठेत सगळे म्हणत. ती किती चालली ते आता सर्वांना माहीत आहे.

त्याच हिवाळ्यात माझ्या यजमानांची हुबळीला बदली झाली. पुढं माझं सोलापूर सुटलंच. निघायच्या सकाळी मी अक्कांचा निरोप घ्यायला गेले. त्या वर्षी कडक थंडी पडली होती. अक्का स्वयंपाकघरात चुलीपुढं बसून चहा उकळत होत्या. अंगावर अप्पांचं जुनं, विरलेलं घोंगडं. तरी दात वाजत होते.

"अक्का, तुमचे लोकरी कपडे कुठं आहेत? मी अस्तर लावलेला तो कोट?"

त्यांनी माजघराकडं मान केली. भिंतीशी ट्रंक होती. वरची सुंभाची दोरी तशीच, बोटीसाठी बांधलेली, गाठीसकट.

"सोडली नाही अजून?"

"नाही."

"मग काढू का मी? थंडी किती आहे."

"नको," त्या चटकन म्हणाल्या. मग चहाकडं बघत हळू बोलल्या, "सोडली, की जायचं राहिलं म्हणायचं. अजून मुदत संपली असं कुणी लिहिलेलं नाही. लिहून येईपर्यंत राहू दे."

आम्ही चहा घेतला. त्यांनी मला शेंगाच्या चटणीची पुडी बांधून दिली, हुबळीत मिळते की नाही कोण जाणे म्हणाल्या. मी पाया पडले. बाहेर टांगेवाला घाई करत होता.

टांगा गल्लीच्या तोंडाशी वळताना मी मागं पाहिलं. नीलाअक्का दारात उभ्या होत्या, घोंगडं दोन्ही मुठींनी गळ्याशी घट्ट आवळून. हात वर करावा तर ते सुटलं असतं. त्यांनी नुसती मान हलवली.